पोटात राहिलेला बोळा

वाचकहो, या सदरात आपण रक्तदाब, मधुमेह, पावसाळ्यातले जुलाब, लहान मुलांचा खोकला असे माणसांचे आजार बघतो. आजचा रुग्ण मात्र चार पायांचा आहे. माझी पदवी एमबीबीएस, जनावरांवर उपचार करण्याचा मला अधिकार नाही आणि अनुभवही नाही. तरीही हा विषय घेतो आहे, कारण त्यातून माणसांच्या डॉक्टरांनी आणि रुग्णांनीही शिकावे असे बरेच आहे.

माझ्याकडे दर महिन्याला रक्तदाब तपासायला एक निवृत्त गुरुजी येतात. एकदा तपासणी झाल्यावर दारात चप्पल घालता घालता ते थांबले आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तुमच्या खात्यातला प्रश्न नाही, पण विचारतो. आमच्या राणीच्या कुशीतून पाणी येतंय."

राणी म्हणजे त्यांची कुत्री. गावठी, तांबूस रंगाची, पाचेक वर्षांची. एका पावसाळ्यात भिजलेले पिल्लू काकूंनी ओट्यावर घेतले, ते घरचेच झाले. दर खेपेला पिल्ले होतात आणि ती वाटता वाटता नाकी नऊ येतात, म्हणून दिवाळीच्या सुमारास गुरुजींनी बाहेरगावी एका खाजगी दवाखान्यात तिची नसबंदीची शस्त्रक्रिया करून आणली होती. टाके छान भरले. चार-पाच महिन्यांनी उजव्या कुशीवर केस ओले दिसू लागले. बघितले तर बारीक भोक आणि त्यातून चिकट, वास येणारा स्राव. आठ दिवस औषध दिले की भोक बंद. औषध थांबवले की पंधरा दिवसांत पुन्हा सुरू.

बाहेर रुग्णांची रांग होती. मी म्हणालो, "गुरुजी, कोर्स पूर्ण करा. जखम चाटू देऊ नका. होईल बरी." पुढच्या महिन्यात तेच, आणि माझे उत्तरही तेच.

तिसऱ्या महिन्यात गुरुजी नेहमीच्या खुर्चीवर बसले, पण हात पुढे करेनात. म्हणाले, "ती आता माडीच्या पायऱ्या चढत नाही. ऑपरेशननंतर सुस्तावली असं समजून मी तिला परवा रागावलो हो. आज उचलून घेतली, तर हाताला नुसत्या बरगड्या लागल्या."

तेव्हा कुठे मी कागद-पेन खाली ठेवले आणि जो प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता तो विचारला. "टाके कुठे होते?"

"पोटाखाली, मधोमध."

"आणि भोक कुठे आहे?"

"कुशीवर."

जिथे चिरलेच नाही तिथे भोक कसे पडले? शिवाय औषध चालू असेपर्यंत बंद आणि थांबले की सुरू, ही खूण माणसांत आम्ही चांगली ओळखतो. शरीरात काहीतरी परके अडकले असेल तर असे होते. स्रावाला बाहेर पडायला शरीर स्वतःच वाट करून देते. त्याला लोक नासूर म्हणतात, आम्ही सायनस म्हणतो. औषधाने जंतू तेवढ्यापुरते दबतात. मूळ वस्तू आतच असते, म्हणून नासूर पुन्हा वाहू लागतो.

मी गुरुजींना जिल्ह्याच्या ठिकाणी पशुवैद्यकांकडे जायला सांगितले. तिथे सोनोग्राफीत उजव्या मूत्रपिंडाजवळ लिंबाएवढी गाठ दिसली. दोन दिवसांनी पोट उघडले. आतल्या चरबीच्या पडद्याने चारी बाजूंनी गुंडाळलेला, करडा पडलेला, कुबट वासाचा एक बोळा निघाला. पहिल्या शस्त्रक्रियेत रक्त टिपायला वापरलेला गॉजचा तुकडा. डॉक्टरांनी तो लपवला नाही. ट्रेमध्ये ठेवून गुरुजींना दाखवला आणि काय झाले ते सांगितले.

हा प्रकार आहे तरी काय?

शस्त्रक्रियेनंतर शरीरात राहून गेलेल्या कापसाच्या किंवा गॉजच्या बोळ्यामुळे होणाऱ्या गाठीला वैद्यकात 'गॉसिपिबोमा' म्हणतात. 'गॉसिपियम' म्हणजे लॅटिनमध्ये कापूस. माणसांतील अशा घटनेची नोंद वैद्यकीय वाङ्मयात १८८४ सालापासून आहे. कुत्र्यामांजरांतील नोंदी बऱ्याच अलीकडच्या. लंडनमधून २००० साली अशा आठ कुत्र्यांच्या एक्स-रे व सोनोग्राफीचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तर २०११ साली ब्रिटनमधल्याच पशुवैद्यकांनी तेरा कुत्र्यांची माहिती मांडली. अर्थात ज्या घटना उघडकीस आल्या आणि कुणी लिहून काढल्या त्याच या आकड्यांत येतात.

कापूस शरीराला पचत नाही. टाक्यांचे काही धागे कालांतराने आपोआप विरघळतात, पण कापसाचा तंतू तसा विरघळत नाही. मग शरीरापुढे दोनच मार्ग उरतात. बोळ्याबरोबर जंतू असतील तर पू होतो, ताप येतो, पोट फुगते आणि काही दिवसांतच बिंग फुटते. जंतू नसतील किंवा थोडे असतील तर शरीर त्या बोळ्याभोवती तंतूंची भिंत बांधते. आतडी, चरबीचा पडदा, मूत्राशय, जे जवळ असेल ते त्याला चिकटते. अशी गाठ महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे गप्प बसते. मग कधी ती कुशीतून वाट काढते, कधी आतडे कुरतडून आत शिरते आणि आतड्याला अडथळा करते. मूत्राशयाजवळ असेल तर जनावर सारखे लघवीला बसते. बाहेरून हात लावला तर गाठ कर्करोगाची वाटते. क्वचित काही कुत्र्यांत वर्षानुवर्षे राहिलेल्या बोळ्याभोवती खरोखरीच कर्करोग झाल्याच्याही नोंदी आहेत. म्हणूनच काढलेली गाठ फेकून न देता तपासणीला पाठवावी.

नसबंदीच्या शस्त्रक्रियेत हा धोका का? मादीचे अंडाशय मूत्रपिंडांच्या मागे, बरेच खोल असते. तिथली रक्तवाहिनी बांधताना गाठ निसटली तर रक्त भराभर येते आणि पोट भरून जाते. डॉक्टर घाईने एकामागून एक बोळे आत दाबतात. रक्तात भिजलेला गॉज आणि आतला मांसल भाग यांत डोळ्यांना फरक दिसत नाही. कुत्री लठ्ठ असेल तर चरबीच्या घड्यांत बोळा सहज दडतो.

निष्काळजी डॉक्टरच चुकतात काय?

हे वाचून "कसले हे डॉक्टर!" असे आपल्या मनात येईल. माझ्याही आले होते. मग मला माझाच एक दिवस आठवला.

तीस वर्षांपूर्वी मी एका रुग्णालयात इंटर्न होतो. मध्यरात्री अडलेल्या बाईचे सिझेरियन चालू होते. रक्तस्राव बराच झाला होता. पोट बंद करण्याआधी सरांनी विचारले, "काउंट?" वापरलेले मॉप मोजायचे काम माझ्याकडे होते. बादलीत लालभडक ढीग पडला होता. दोन रात्री झोप नव्हती. मी बादलीकडे एक नजर टाकली आणि म्हणालो, "बरोबर आहे सर."

मी मोजले नव्हते.

तिथल्या वयस्कर सिस्टरने माझ्याकडे पाहिले. एक शब्द न बोलता ती खाली बसली आणि तिने एकेक मॉप चिमट्याने उचलून फरशीवर ओळीने मांडला. एक कमी होता. सर चिडले, म्हणाले, "असेल कुठेतरी, बाई थंड पडत चाललीय." सिस्टर म्हणाली, "सर, मिळाल्याशिवाय मी सुई देणार नाही." शोधाशोध झाली. मॉप पोटातच, आतड्याच्या आडोशाला मिळाला. ती बाई आठव्या दिवशी बाळ घेऊन चालत घरी गेली. तिला यातले काही कळले नाही. सिस्टर मला फक्त एवढेच म्हणाली, "डॉक्टर, 'बरोबर' हा आकडा नाही."

तिचे म्हणणे किती खरे होते ते पुढे एका अभ्यासात वाचायला मिळाले. अमेरिकेतील शल्यचिकित्सक डॉ. अतुल गावंडे यांचे वडील मूळचे आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील उटी गावचे. डॉ. गावंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली शरीरात वस्तू राहून गेलेल्या ५४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या शरीरात ६१ वस्तू राहिल्या होत्या, त्यांपैकी ६९ टक्के गॉज-मॉपसारख्या आणि उरलेली हत्यारे. तातडीच्या शस्त्रक्रियेत हा धोका सुमारे नऊ पट, तर शस्त्रक्रियेचा बेत ऐनवेळी बदलावा लागला तर चौपट आढळला. आणि जिथे मोजणी केली होती त्यांपैकी ८८ टक्के घटनांत शेवटची मोजणी 'बरोबर' अशीच सांगितली गेली होती! म्हणजे वस्तू आत आणि कागदावर सगळे बरोबर.

तेव्हा ही चूक वाईट डॉक्टरांचीच असते असे नाही. थकलेल्या, घाईतल्या, एकट्या पडलेल्या चांगल्या डॉक्टरकडूनही ती होते. म्हणून ती क्षम्य ठरते असे मात्र नाही.

आपल्याच महाराष्ट्रात १९६३ साली औरंगाबादच्या सरकारी प्रसूती रुग्णालयात एका स्त्रीची बाळंतपणानंतर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. ताप आणि पोटदुखी थांबेना. पुन्हा पोट उघडले तेव्हा आत मॉप राहिल्याचे दिसले. ती बाई वाचली नाही. खटला खालच्या न्यायालयातून उच्च न्यायालयात आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात गेला. १९९६ साली, म्हणजे तेहतीस वर्षांनी, सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की अशी वस्तू पोटात राहणे हाच निष्काळजीपणाचा पुरावा आहे, आणि खालच्या न्यायालयाने ठरवलेली छत्तीस हजार रुपयांची भरपाई कायम केली.

त्या बाईला निदान "दुखतंय" असे सांगता येत होते. राणीला तेही शक्य नव्हते. जनावर दुखणे लपवते. जिना चढणे सोडते, आणि आपण त्याला आळशी म्हणतो.

हे टाळता येते

उपाय साधे आहेत. सुरुवातीला किती गॉज घेतले ते लिहायचे, पोट बंद करण्याआधी मोजायचे आणि कातडी शिवण्याआधी पुन्हा मोजायचे. मोजताना एकेक तुकडा वेगळा करून, दोघांनी मिळून, मोठ्याने. शस्त्रक्रिया चालू असताना गॉज कापून त्याचे दोन करायचे नाहीत, नाहीतर हिशेब तिथेच बिघडतो. पोटात बारीक तुकडे घालण्याऐवजी लांब शेपटी असलेले मोठे मॉप वापरायचे आणि शेपटी बाहेर ठेवायची. एक्स-रेमध्ये दिसणारा खास धागा विणलेले गॉज मिळतात, ते वापरायचे. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी गॉजचे थान आणून, तुकडे कापून, ड्रममध्ये निर्जंतुक करून वापरतात. ते स्वस्त पडतात, पण एक्स-रेत त्यांचा धागा दिसत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी एका पानाची तपासणी-यादी आणली. ती तयार करण्याच्या कामाचे नेतृत्व डॉ. गावंडे यांचेच होते. रुग्णाला खोलीबाहेर नेण्याआधी गॉज, सुया आणि हत्यारे यांची मोजणी पूर्ण झाली असे तोंडाने सांगायचे, हा त्या यादीचा एक भाग. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतील रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. ही यादी माणसांसाठी आहे, पण मोजायला प्राणी कोणता याने काय फरक पडतो?

पाळणाऱ्यांनी काय करावे?

१. शस्त्रक्रियेचा कागद मागून घ्या व जपून ठेवा. तारीख, कोणती शस्त्रक्रिया, छेद कुठे घेतला, हे त्यावर असावे. वर्षभराने दुसऱ्या डॉक्टरांना त्याचाच आधार होतो.

२. शस्त्रक्रियेआधी नम्रपणे विचारा, "डॉक्टर, मदतीला कोण असतं? गॉज मोजता ना?" चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही.

३. पहिल्या आठवड्यात उलट्या, ताप, खाणे बंद होणे, पोट फुगणे यांपैकी काही झाले तर थांबू नका, लगेच दाखवा.

४. पुढे काही महिन्यांनी, अगदी वर्षांनीही वजन घटणे, कुशीवर किंवा पोटावर वाहणारे भोक, गाठ, सारखे लघवीला बसणे अशी लक्षणे दिसली तर जुन्या शस्त्रक्रियेची माहिती डॉक्टरांना आपण होऊन द्या.

५. तीच जखम औषधाने दुसऱ्यांदा बरी होऊन पुन्हा वाहू लागली, तर तिसऱ्यांदा नुसते औषध घेऊन येऊ नका. एक्स-रे व सोनोग्राफीबद्दल विचारा. एक्स-रेत काही दिसले नाही म्हणजे आत काही नाही, असे होत नाही.

६. भोकात हळद, चुना, तेलाचा बोळा कोंबू नका. दाबून पू काढू नका.

७. घरातल्या माणसांच्या वेदनाशामक गोळ्या देऊ नका. पॅरासिटामॉल मांजराला विषासारखे आहे, आयबुप्रोफेन कुत्र्याला घातक ठरू शकते.

८. प्रत्येक वाहती जखम म्हणजे पोटातला बोळा, असे मात्र समजू नका. न विरघळणाऱ्या टाक्याच्या धाग्याने असा नासूर होतो, गवताचे कुसळ कातडीत शिरूनही होतो. कारण शोधणे हे पशुवैद्यकांचे काम.

भिऊन नसबंदी टाळू नका

हे सर्व वाचून कुणी नसबंदीच नको म्हणेल, तर माझा लेख फुकट गेला. या शस्त्रक्रियेमुळे मादीला गर्भाशयात पू होण्याचा जिवघेणा आजार होत नाही. लहान वयात केली तर स्तनांच्या गाठींचे प्रमाणही कमी होते. नको असलेली पिल्ले रस्त्यावर येत नाहीत.

भटक्या कुत्र्यांची तर अधिक आठवण ठेवायला हवी. २००१ च्या आणि त्यांच्या जागी आलेल्या २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांमुळे नगरपालिका कुत्र्यांची नसबंदी व रेबीजची लस यांचे कार्यक्रम घेतात. एका दिवसात बऱ्याच शस्त्रक्रिया होतात. कानाला खाच असलेले कुत्रे म्हणजे नसबंदी झालेले. त्याच्या कुशीतून पाणी येऊ लागले तर सांगणार कोण? त्याला रोज भाकरी टाकणारा माणूसच. आपल्या गल्लीत असे कुत्रे दिसले तर नगरपालिकेला किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा.

आणि राणी?

राणी वाचली. वजन भरायला पावसाळा संपला. आता ती माडीवर जाते आणि काकूंच्या गादीवर झोपते, असे गुरुजी तक्रारीच्या सुरात सांगतात. मीही त्यांना सांगितले की पहिल्या दोन महिन्यांत उठता उठता उत्तर देणे ही माझी चूक होती. ते म्हणाले, "तुम्ही निदान तिसऱ्या वेळी ऐकलंत."

पहिल्या शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांकडे गुरुजी स्वतः गेले होते. भांडायला जातील असे मला वाटले होते. त्या तरुण डॉक्टरांनी कागद पाहिला, मान खाली घातली आणि म्हणाले, "गुरुजी, त्या दिवशी माझा मदतनीस आला नव्हता. रक्त फार आलं. मोजायचं राहिलं. चूक माझीच." दुसऱ्या शस्त्रक्रियेचा खर्च त्यांनी दिला.

गुरुजींनी पैसे घेतले. पुढच्या आठवड्यात पुन्हा त्यांच्याकडे गेले आणि पिशवीतून काढून एक दगडी पाटी आणि पेन्सिल त्यांच्या टेबलावर ठेवली.

"मी छत्तीस वर्षं शाळेच्या सहली नेल्या," गुरुजी मला सांगत होते. "परतताना एसटीत बसल्यावर 'सगळे आले का रे?' असं मी कधी विचारलं नाही. पोरं 'हो' असंच ओरडतात. मी निघताना पाटीवर आकडा लिहायचो आणि येताना एकेक डोकं मोजायचो. एकही पोर मागे राहिलं नाही. त्या डॉक्टरांना म्हटलं, हेच करा."

ती पाटी आता त्या दवाखान्यात शस्त्रक्रियेच्या टेबलासमोर खिळ्याला टांगलेली आहे. गुरुजी मध्यंतरी बघून आले. तिच्यावर लिहिले होते, 'घेतले १४'. आणि खाली, 'आले १४'.